नाव आणि कार्य : वनस्पतींतील मेदवाहक प्रथिनांचा इतिहास

शास्त्रीय संज्ञांचा इतिहास पाहू लागले असता असे पुष्कळदा आढळते की, संज्ञेत पदार्थाच्या स्वभावापेक्षा तो ज्या प्रयोगात सापडला त्या प्रयोगाचेच प्रतिबिंब अधिक असते. वनस्पतींतील मेदवाहक प्रथिने हे याचे बोधप्रद उदाहरण होय.

पेशीतील पटले मुख्यत: फॉस्फोलिपिडे व प्रथिने यांची बनलेली असतात. फॉस्फोलिपिडे पाण्यात विरघळत नाहीत. त्यांची घडण बहुतांशी पेशीच्या एका भागात होते, गरज मात्र सर्वत्र असते. मग त्यांची ने-आण करतो कोण? १९६८ साली विर्ट्झ व झिल्व्हरस्मिट यांनी यकृतावरील प्रयोगांत असे दाखविले की, तंतुकणिका व सूक्ष्मकणिका यांच्यामध्ये फॉस्फोलिपिडांची देवघेव होते आणि पेशीरसातील विद्राव्य अंश तिला चालना देतो. १९७५ साली फ्रेंच संशोधक कादेर यांनी बटाट्याच्या कंदांतून असेच कार्य करणारी प्रथिने वेगळी केली. पालक, मका, एरंड यांतही ती आढळली. एरंडातील प्रथिनाचा अमिनो अम्लांचा अनुक्रम १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पेशीतील मेदद्रव्यांचा वाहक सापडला, असा समज होणे स्वाभाविक होते.

परंतु १९८८ मध्ये मक्यातील या प्रथिनाचा आनुवंशिक संदेश वाचला गेला, तेव्हा त्याच्या आरंभी एक संकेत-शृंखला आढळली. अशी शृंखला असणारी प्रथिने सामान्यत: पेशीरसात न राहता स्रावमार्गाने बाहेर पाठविली जातात. पालकातील प्रथिनाविषयी १९९१ मध्ये हाच निष्कर्ष निघाला. जो पेशीच्या बाहेर राहतो, तो पेशीतल्या कणिकांमध्ये वाहतूक कशी करणार?

याच काळात दुसरे एक कोडे उलगडले. नाचणीच्या दाण्यातील एका प्रथिनाचा अनुक्रम १९८४ मध्ये निश्चित झाला होता व ते अमायलेज-रोधक मानले जात असे. सातूतील एका प्रथिनालाही १९८६ मध्ये 'संभाव्य रोधक' असेच नाव मिळाले होते. १९८९ मध्ये बर्नहार्ड व सोमरव्हिल यांनी अनुक्रमांच्या साम्यावरून ही दोन्ही मेदवाहक कुळातीलच असल्याचे दाखविले. म्हणजे एकच कुळ दोन प्रयोगशाळांतून दोन नावांनी वावरत होते!

रचनेचे चित्र १९९४ व १९९५ मध्ये स्पष्ट झाले. गव्हातील प्रथिनाचा अभ्यास चुंबकीय अनुस्पंदनाने, तर मक्यातील प्रथिनाचा क्ष-किरणांनी झाला. सुमारे ९० ते ९५ अमिनो अम्लांच्या या लहान प्रथिनात चार सर्पिले असतात व आठ सिस्टीन घटकांमधील चार गंधक-सेतू त्यांना घट्ट बांधून ठेवतात. मध्यभागी एक जलद्वेषी पोकळी असून मेदाम्लाची लांब शृंखला तीत सामावते. ही पोकळी लवचीक असल्यामुळे निरनिराळ्या जातींच्या मेदद्रव्यांना तीत जागा मिळते. गंधक-सेतूंमुळे ही प्रथिने उष्णता व पाचकरस यांना दाद देत नाहीत. १९९९ मध्ये पीच फळातील प्रमुख अधिहर्षकारक द्रव्य याच कुळातील ठरले, त्याचे मर्मही बऱ्याच अंशी या टिकाऊपणात आहे.

पुढील शोधांनी कार्याची व्याप्ती वाढविली. १९९३ मध्ये सातू व मका यांतील प्रथिने रोगकारक जंतू व बुरशी यांची वाढ रोखतात असे दिसले. २००२ मध्ये अरॅबिडॉप्सिस वनस्पतीतील याच कुळाशी नाते असलेले एक प्रथिन, रोगाची वार्ता दूरच्या पानांपर्यंत पोहोचविण्यास आवश्यक असल्याचे आढळले. २००९ मध्ये त्याच वनस्पतीत, पेशीपटलास जखडलेले असेच एक प्रथिन पृष्ठभागावरील मेणाच्या निर्यातीस लागते हेही सिद्ध झाले.

तेव्हा 'मेदवाहक' हे नाव सर्वस्वी चुकले, असे म्हणता येणार नाही. मेदद्रव्य धारण करण्याचा गुण खराच. चुकले ते त्या गुणावरून काढलेले जीवनकार्याचे अनुमान. परीक्षानळीत एखादा पदार्थ काय करू शकतो, आणि सजीवात तो काय करतो, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. पहिल्याच्या उत्तराने दुसऱ्याची जागा घेऊ नये, हाच या इतिहासाचा अभ्यासकास उपदेश होय.