वाट पाहणे हे काम आहे का? रेल्वेतील ‘७५ तासां’चा इतिहास

१/ आडगावच्या रस्त्यावरचे रेल्वे फाटक आपण सर्वांनी पाहिलेले आहे. शेजारी लहानशी चौकी आणि बावटा घेऊन उभा असलेला गेटमन. गाडी क्षणात निघून जाते. पुढची गाडी येईपर्यंत तो वाट पाहतो. हे वाट पाहणे काम मानायचे की विश्रांती? भारतीय रेल्वेतील कामाच्या तासांचा कायदा जवळपास शंभर वर्षे या प्रश्नाशी झगडतो आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ आरंभ १९१९चा. वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तेथे उपस्थित होते. परिषदेने उद्योगांसाठी दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांचे तत्त्व स्वीकारले. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मात्र ६० तासांची वेगळी तरतूद झाली.

३/ त्या तरतुदीत एक पळवाट होती. कारखाना कायद्याखालील उद्योग आणि खाणी तिच्यात सरसकट आल्या. रेल्वेच्या बाबतीत मात्र सरकार ठरवील तेवढ्याच शाखा येणार होत्या. हिंदुस्थान सरकारने हा करार १९२१ मध्ये मान्य केला.

४/ परिणामी एकाच रेल्वेत दोन जगे निर्माण झाली. परळ-माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यांतील कामगारांना १९२२च्या सुधारणेनंतर कारखाना कायद्याची ६० तासांची मर्यादा मिळाली. रुळांवर, फाटकांवर आणि स्थानकांत राबणाऱ्यांना तशी कायदेशीर मर्यादा मिळण्यासाठी १९३० साल उजाडावे लागले.

५/ १९३०च्या दुरुस्तीने रेल्वे कायद्यात कामाच्या तासांचे स्वतंत्र प्रकरण आले. सर्वसाधारण कर्मचाऱ्यास महिन्याच्या सरासरीने आठवड्याला ६० तास. ज्याचे काम ‘मूलतः खंडित’ ठरवले जाईल, त्यास ८४ तास. हिशोब करून पाहा: रोज १२ तास आणि आठवड्याचे सातही दिवस.

६/ ‘मूलतः खंडित’ म्हणजे काय? माणूस ड्युटीवर आहे, पण दीर्घकाळ त्याला शारीरिक हालचाल करावी लागत नाही आणि सतत लक्षही द्यावे लागत नाही, असे काम. ‘दीर्घकाळ’ म्हणजे नेमका किती, हे कायद्याने सांगितले नाही. कोणते काम या वर्गात घालायचे, हे सरकारने नेमलेला अधिकारी ठरवणार होता. शिवाय ड्रायव्हर, गार्ड यांसारखे गाडीवरचे कर्मचारी १९३१च्या नियमांबाहेरच राहिले.

७/ दुसऱ्या महायुद्धानंतर असंतोष शिगेला पोहोचला. १९४६ मध्ये देशव्यापी रेल्वे संपाची चिन्हे दिसू लागली आणि वाद लवादाकडे गेला. लवाद होते मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. जी. एस. राजाध्यक्ष, जे पुढे पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष झाले.

८/ राजाध्यक्षांनी १९४७च्या निवाड्यात कामाची प्रतवारी नव्याने लावली. तीव्र स्वरूपाच्या कामास आठवड्याला ४५ तास, अखंड कामास ५४ आणि मूलतः खंडित कामास ७५. ८४ वरून ७५ हा दिलासा निश्चितच होता. गाडीवरचे कर्मचारीही आता चौकटीत आले. पण वाट पाहण्याच्या तासाचे मोल कामाच्या तासाहून कमी, हे गृहीतक मात्र टिकून राहिले.

९/ तोच प्रश्न इंजिनावरही होता. सिग्नलपाशी तासन्‌तास थांबलेला ड्रायव्हर काम करतो की नाही? ऑगस्ट १९७३ मध्ये लोको कर्मचाऱ्यांच्या आंदोलनानंतर सरकारने दहा तासांच्या ड्युटीचे तत्त्व मान्य केले. मे १९७४च्या संपात बोनस व वेतनासोबत आठ तासांची मागणीही होती. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालील तो संप हजारोंच्या अटकेनंतर, मागण्या मान्य न होता, विसाव्या दिवशी मागे घेण्यात आला.

१०/ आता १९८९च्या रेल्वे कायद्याकडे या. कलम १३२ मध्ये तेच तीन आकडे आहेत: ४५, ५४, ७५. व्याख्या मात्र काटेकोर झाली. बारा तासांच्या पाळीत किमान निम्मा वेळ निष्क्रियतेचा हवा. त्यात सलग एक तासाचा एक किंवा अर्ध्या तासाचे दोन खंड हवेत. आणि सरासरी सलग ७२ तासांची काढायची. १९३०च्या संदिग्धतेच्या जागी आता मोजमाप आले.

११/ २००५च्या नियमांत आणखी एक बारकावा आहे. खंडित कामासाठी ४८ तासांवर वाढीव तास लावता येतात. कर्मचाऱ्याला कामाच्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत रेल्वेचे निवासस्थान असेल तर साधारणतः २४, नाही तर १२. घर जवळ असण्याची किंमतही तासांत मोजली जाते.

१२/ घड्याळ हालचाल मोजते. गाडी येणार आणि फाटक उघडे राहता कामा नये, ही जाणीव मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. गेटमनचे चुकले तर जाब मात्र पूर्ण वेळेचा विचारला जातो, निम्म्या वेळेचा नाही. कामगार कायद्याचा इतिहास वाचताना म्हणूनच तासांच्या आकड्यासोबत तो तास कोणी मोजला, हेही पाहावे.

आपल्या घरी कोणी गेटमन, पॉइंट्समन किंवा लहान स्थानकाचे मास्तर असतील, तर त्यांच्या रात्रपाळीच्या आठवणी अवश्य लिहा. असा इतिहास दप्तरांत क्वचितच सापडतो.