किल्ली कुणाच्या हातात?

मोबाईलची पावती आपल्या नावाची असते. पण त्या मोबाईलवर कोणती प्रणाली चालेल, कोणते ॲप काढता येईल आणि आपली माहिती कुठे जाईल, हे ठरवतो कोण? गोपनीयता जपणारी पर्यायी प्रणाली मोबाईलवर टाकण्याचा इतिहास हा याच प्रश्नाचा इतिहास आहे.

२००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन विक्रीला आला. प्रणालीचा मूळ कोड खुला होता. कुणीही तो वाचावा, बदलावा, वाटावा. पण फोन सुरू होताना कोणती प्रणाली चालू द्यायची हे ठरवणारा बूटलोडर कुलूपबंद होता. कोड खुला, दार बंद! १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले, तरी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावाच लागला. दोन्ही गोष्टींची बरोबरी होऊच शकत नाही. पण हक्क कागदावर द्यायचा आणि ताबा स्वतःकडे ठेवायचा, ही रीत आम्हाला चांगलीच ओळखीची आहे.

हे कुलूप हौशी तंत्रज्ञांनी उघडले. २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिक यांची सायनोजेनमॉड ही प्रणाली पुढे आली. त्याच वर्षी गुगलने नोटीस पाठवली, कारण तिच्यासोबत गुगलची बंदिस्त ॲप्स वाटली जात होती. ती ॲप्स वगळून काम चालू राहिले. २०१३ मध्ये याच कामातून कंपनी उभी राहिली, भांडवल आले, आणि भांडवलाबरोबर मक्तेदारीही आली. भारतातले हक्क मायक्रोमॅक्सला दिले गेले आणि त्या वादात डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने वनप्लसची विक्री काही दिवस थांबली. स्वातंत्र्यासाठी लिहिलेला कोड बाजारातल्या भांडणाचा मुद्दा झाला! २०१६ च्या अखेरीस कंपनीने सेवा बंद केल्या. पण कोड सार्वजनिक होता, म्हणून लोकांनी तो लिनिएजओएस या नावाने जिवंत ठेवला.

दुसरा प्रसंग २०१८ चा. कॉपरहेडओएस ही सुरक्षेवर भर देणारी प्रणाली. तिचे मुख्य विकासक डॅनियल मिके आणि कंपनी यांच्यात ताब्यावरून वाद झाला. अपडेटवर सही करण्याच्या किल्ल्या मिके यांनी नष्ट केल्या, कंपनीच्या हाती पडू नयेत म्हणून. त्यांचे काम पुढे ग्राफीनओएस या नावाने चालू राहिले. ही प्रणाली पिक्सेल फोनवर चालते. ती टाकल्यावर बूटलोडर पुन्हा बंद करता येतो, आणि गुगलची ॲप्स घेतलीच तरी त्यांना इतर ॲप्सपेक्षा जास्त अधिकार मिळत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची? आमचा उलट प्रश्न आहे: अत्याचारग्रस्त कुटुंबाचा पत्ता, साक्षीदाराचा नंबर, वकिलाशी झालेले बोलणे, हे कार्यकर्त्याच्या फोनमध्ये असते. ते उघडे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने पेगासस हल्ल्याबद्दल ज्यांना सावध केले, त्यांत भीमा कोरेगाव खटल्याशी संबंधित वकील आणि कार्यकर्ते होते. २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फायली घुसवल्याचा अहवाल दिला.

नवी प्रणाली म्हणजे कवचकुंडले नव्हेत. ॲपमधली त्रुटी, सिमकार्डचा माग, आपला स्वतःचा निष्काळजीपणा हे सगळे उरतेच. शिवाय पिक्सेल महाग आहे. जुन्या स्वस्त फोनवर लिनिएजओएस टाकता येते, पण तिथे बूटलोडर बहुधा उघडाच ठेवावा लागतो आणि फोन दुसऱ्याच्या हाती पडला तर धोका वाढतो. म्हणजे गोपनीयताही खिशाप्रमाणे मिळते. हे आम्हाला मान्य नाही.

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. ते कलम संविधानात आले नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला. आज कागदपत्रे मोबाईलमध्ये आहेत. म्हणून प्रत्येक फोनचा बूटलोडर उघडण्याचा आणि आपल्या किल्लीने पुन्हा बंद करण्याचा अधिकार ग्राहकाला कायद्याने मिळाला पाहिजे. ही मागणी तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही, ती चळवळीनेच केली पाहिजे.