पाच व्होल्टच्या माळेतला एडिसनचा प्रश्न

१/ नाताळच्या रोषणाईचा इतिहास सांगताना आपण सहसा दिव्यांविषयी बोलतो. मेणबत्ती गेली, काचेचा दिवा आला, मग एलईडी आला, अशी ती चढत्या भाजणीची कथा असते. या धाग्यात दिव्यांपेक्षा तारांविषयी अधिक लिहायचे आहे. घरापुढे संगणकाच्या तालावर नाचणारी रोषणाई उभारणाऱ्या आजच्या हौशी माणसाला जो पहिला अडसर येतो, तो १८८० साली एडिसनला आलेलाच अडसर आहे; आणि त्यावरचा उपायही बव्हंशी तोच आहे. 🧵

२/ आरंभ न्यू यॉर्कमध्ये, २२ डिसेंबर १८८२ रोजी. एडवर्ड हिबर्ड जॉन्सन हे एडिसनचे जुने सहकारी आणि एडिसन इलेक्ट्रिक लाइट कंपनीचे उपाध्यक्ष. त्यांनी ३६ व्या रस्त्यावरील आपल्या घरात नाताळचे झाड विजेच्या दिव्यांनी सजवले. अक्रोडाएवढे ८० दिवे: लाल, पांढरे आणि निळे. डेट्रॉइटच्या एका वृत्तपत्राचे बातमीदार क्रॉफट यांनी ते पाहून वर्णन लिहिले, म्हणून आपल्याला ते ठाऊक आहे. झाड एका लाकडी पेटीवर मिनिटाला सुमारे सहा फेरे घेत होते.

३/ हा प्रसंग जवळजवळ प्रत्येक लेखात ‘विजेच्या दिव्यांचे पहिले नाताळझाड’ म्हणून येतो. माझ्या मते त्यातली अधिक महत्त्वाची गोष्ट दिवे ही नव्हेच. झाडाच्या बुंध्याभोवती तांब्याच्या पट्ट्या होत्या आणि त्यांना टेकणारे धातूचे संपर्कबिंदू होते. झाड फिरले की एका गटाचा संपर्क तुटे, दुसऱ्याचा जुळे. एक रंग विझे, दुसरा उजळे. म्हणजे झाड फिरत होते ते केवळ शोभेसाठी नव्हे. ते फिरणे हाच त्या रोषणाईचा कंट्रोलर होता.

४/ दोन वर्षांनी, डिसेंबर १८८४ मध्ये, न्यू यॉर्क टाइम्सने जॉन्सन यांच्या नव्या झाडाची बातमी छापली. आता दिवे १२० झाले होते. आधी शुद्ध पांढरा प्रकाश, मग लाल-पांढरा, मग पिवळा-पांढरा असे मेळ ठरावीक क्रमाने बदलत. आजच्या भाषेत याला ‘सिक्वेन्स’ म्हणतात.

५/ इथे साधनचिकित्सेचा एक मुद्दा. या झाडाला वीज एडिसनच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून मिळाली असे पुष्कळदा सांगितले जाते. ते केंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले हे खरे; पण त्याची हद्द वॉल स्ट्रीट, नॅसॉ स्ट्रीट, स्प्रूस स्ट्रीट आणि ईस्ट नदी यांच्या आतच होती, म्हणजे मॅनहॅटनचे दक्षिण टोक. ३६ वा रस्ता तिथून कित्येक किलोमीटर उत्तरेला. क्रॉफट यांनी लिहिले की प्रवाह ‘मुख्य कार्यालया’तून एका तलम तारेने आला. १८८४ च्या बातमीत मात्र डायनॅमोचा स्पष्ट उल्लेख आहे.

६/ ती ‘तलम तार’ मला विशेष बोलकी वाटते. पाहुण्याला ती जादूसारखी वाटली असणार. पण तारेची तलमता हेच तर एडिसनचे सर्वांत मोठे दुखणे होते.

७/ ते असे. एडिसनची वीज दिष्ट प्रवाहाची, सुमारे ११० व्होल्ट दाबाची. तार कितीही चांगली असली तरी तिला रोध असतोच. प्रवाह जितका मोठा आणि तार जितकी लांब व बारीक, तितका दाब वाटेतच खर्ची पडतो. केंद्रातून एकच जाड तार काढून तिला वाटेत दिवे जोडत गेले, तर केंद्राजवळचा दिवा लखलखतो आणि टोकाचा मिणमिणतो. टोकाचा दिवा नीट पेटवायचा तर तार जाड हवी, आणि जाड तार म्हणजे तांबे. पहिल्या हिशेबात तांब्याचा खर्च इतका अवाढव्य निघाला की गॅसच्या दिव्यांशी स्पर्धा करणे अशक्य दिसू लागले.

८/ उत्तर एडिसनने १८८० साली शोधले. १८८२ मध्ये त्याचे पेटंट मंजूर झाले. दिवे असलेल्या मुख्य तारा वस्तीत पसरवायच्या. आणि केंद्रातून निराळ्या पोषक तारा काढून त्या मुख्य तारांना अनेक ठिकाणी जोडायच्या. पोषक तारेवर एकही दिवा नाही. तिच्यात दाब घटला तरी चालेल, कारण ती घट केंद्रात दाब थोडा वाढवून भरून काढता येते. दिव्यांच्या तारेत मात्र प्रवाहाला फार दूर जावेच लागत नाही, म्हणून तिथला दाब सर्वत्र जवळपास सारखा राहतो. तांब्याची प्रचंड बचत झाली. या कल्पनेचा धागा हाती धरून ठेवा; आपण पुन्हा इथेच येणार आहोत.

९/ पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. प्रत्यावर्ती प्रवाह आणि रोहित्र आले, उच्च दाबाने वीज दूरवर नेता येऊ लागली, आणि दिष्ट प्रवाह मागे पडला. न्यू यॉर्कमधली एडिसनच्या वारशाची शेवटची दिष्ट प्रवाहाची जोडणी १४ नोव्हेंबर २००७ रोजी तोडण्यात आली. (होय, २००७. ‘प्रवाहांच्या युद्धा’त हरलेला पक्ष सव्वाशे वर्षे मैदानात उभा होता.)

१०/ नाताळच्या दिव्यांनी या काळात निराळी वाट धरली. आधी घरी झाड उजळायचे तर जाणकार वायरमन बोलवावा लागे आणि तो प्रत्येक दिवा हाताने जोडी. १९०३ च्या सुमारास अमेरिकेत तयार माळा विक्रीला आल्या. त्यांतली रूढ माळ एकसर जोडणीची होती: सुमारे १५ व्होल्टचे आठ दिवे एकापाठोपाठ, मिळून १२० व्होल्ट.

११/ या माळेची कुप्रसिद्धी आपल्याकडेही दिवाळीत पिढ्यान्‌पिढ्या अनुभवली गेली आहे: एक दिवा गेला की सारे तोरण अंधारात, आणि मग घरातले कोणीतरी स्टुलावर चढून एकेक दिवा हलवून पाहणार. पण इतिहासकाराने तिच्यावर अन्याय करू नये. एकसर जोडणीत सगळ्या दिव्यांतून तोच एक लहानसा प्रवाह वाहतो. दिवे वाढले तरी प्रवाहाची बेरीज होत नाही. म्हणून बारीक, स्वस्त तार पुरते. तांब्याचा प्रश्न या माळेने सोडवला नाही, टाळला. त्याची किंमत म्हणजे सर्व दिव्यांचे नशीब एकत्र बांधले गेले.

१२/ चमकण्याची सोयही साधी होती. एका दिव्यात दोन धातूंची पट्टी असे. ती तापली की वाकून संपर्क तोडी, निवली की पुन्हा जोडी. तो एक दिवा मिचकला की एकसर माळ सगळीच मिचके. मोठ्या सजावटीत मोटारीने फिरणारे खाचांचे चाक संपर्क उघडझाप करी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रायॅक नावाचा अर्धवाहक स्विच आला आणि फिरते भाग गेले. पण तत्त्व जॉन्सन यांच्या पट्ट्यांचेच राहिले: दिवा विझवायचा असेल तर त्याच्याकडे जाणारा प्रवाह तोडा. आज्ञा आणि ऊर्जा एकाच तारेतून.

१३/ या तत्त्वाचे शिखर म्हणजे ओहायो राज्यातील मेसन गावचे अभियंता कार्सन विल्यम्स यांची सजावट. १६,००० दिवे, ८८ चॅनेल, आणि ट्रान्स-सायबेरियन ऑर्केस्ट्राच्या संगीताशी जुळवलेली उघडझाप. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून संगीत लहान एफएम प्रक्षेपकावरून, गाडीतल्या रेडिओवर ऐकायचे. २००५ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत जगभर पसरली, बघ्यांच्या गाड्यांची रांग लागली, जवळच झालेल्या अपघातापर्यंत पोलिसांना पोहोचणे अवघड झाले, आणि विल्यम्स यांनी रोषणाई बंद केली.

१४/ आकड्यांकडे पुन्हा पाहा. दिवे १६,०००, पण स्वतंत्रपणे हलवता येणारे गट फक्त ८८. कारण प्रत्येक गटाला कंट्रोलरपासून स्वतःची तार लागते. १६,००० दिवे स्वतंत्र हवे असतील तर १६,००० तारा लागतील. १८८२ पासून चालत आलेल्या पद्धतीची भिंत ती हीच.

१५/ ती भिंत २०१० नंतरच्या दशकात पडली. डब्ल्यूएस२८११ या चिपने, आणि तिच्याच कुळातल्या चिपांनी, स्विच कंट्रोलरमधून काढून दिव्यापाशी नेला. आता माळेत तीन तारा: धन, ऋण आणि संदेश. संदेशाची तार एकच, सगळ्या पिक्सेलांना मिळून. प्रत्येक पिक्सेलसाठी २४ बिटांचा रंग. पंगतीत द्रोणांची चवड पुढे सरकवताना जसा प्रत्येक जण वरचा एक द्रोण ठेवून घेतो आणि उरलेली चवड शेजाऱ्याकडे देतो, तसा प्रत्येक पिक्सेल पहिले २४ बिट स्वतःकडे ठेवतो आणि बाकीचे पुढे धाडतो. आज्ञा आणि ऊर्जा यांची फारकत झाली ती इथे.

१६/ आणि इथेच जुना प्रश्न मागल्या दाराने परत आला. हे पिक्सेल समांतर जोडलेले, दिष्ट प्रवाहावर चालणारे, बहुधा ५ व्होल्टचे. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक पिक्सेल सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. ५०० पिक्सेल म्हणजे ३० अँपिअर. शक्ती जेमतेम १५० वॉट, एखाद्या जुन्या मोठ्या बल्बाइतकी. पण १२० व्होल्टवर तिला सव्वा अँपिअर पुरला असता. दाब चोवीसपट उतरवला म्हणून प्रवाह चोवीसपट चढला.

१७/ हिशेब करून पाहू. १०० पिक्सेल, ६ अँपिअर. पुरवठ्यापासून माळ ५ मीटरवर, मधली तार तांब्याची, ०.७५ चौरस मिलिमीटरची. जाणे-येणे धरून १० मीटर, रोध सुमारे ०.२३ ओहम. वाटेत हरवलेला दाब: जवळजवळ १.४ व्होल्ट! ११० व्होल्टमध्ये एवढी घट कोणाच्या लक्षातही येत नाही. पाचमधून गेली की उरतात ३.६. आणि माळेच्या आत घट पुढे चालूच राहते.

१८/ डोळ्यांना ते कसे दिसते? निळ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट तरी हवेत, लालला दोनच्या आसपास पुरतात. म्हणून दाब घटला की आधी निळा दमतो. माळेच्या सुरुवातीला पांढरा असलेला रंग टोकाकडे पिवळसर, मग तांबूस होत जातो. नवशिक्याला वाटते चिप बिघडली. बिघडलेले काही नसते. तार आपला कर वसूल करत असते.

१९/ यावर हौशी मंडळी जो उपाय करतात त्याला ‘पॉवर इंजेक्शन’ म्हणतात. पुरवठ्यापासून निराळी जाड तार काढायची आणि माळेला मध्ये, टोकाला, ठरावीक अंतरांवर पुन्हा जोडायची. त्या तारेवर एकही पिक्सेल नाही. आठव्या पोस्टमधली पोषक तार ओळखलीत ना? पेटंट १८८२ सालचे, अंमलबजावणी अंगणात. दुसरा मार्ग दाब वाढवण्याचा: १२ व्होल्टची माळ घेतली तर तेवढ्याच शक्तीला अडीच अँपिअर पुरतात आणि वरच्याच तारेत सुमारे ०.६ व्होल्ट जातो, म्हणजे बारातला विसावा हिस्सा.

२०/ दोन तपशील, कारण यांवरच बहुतेकांची रोषणाई फसते. एकाहून अधिक पुरवठे वापरताना त्यांच्या धन बाजू एकमेकींना जोडू नयेत; ऋण बाजू मात्र सगळ्या एकत्र, कंट्रोलरसह, जोडाव्यात. संदेश म्हणजे ऋण तारेच्या तुलनेत मोजलेला दाब. ती तुलनेची पातळीच सामाईक नसेल तर पिक्सेलला आज्ञा वाचता येत नाही आणि माळ वाटेल तशी लुकलुकते. फारकत झालेल्या आज्ञेला आणि ऊर्जेला ही एक तार अजूनही वाटून घ्यावी लागते.

२१/ दुसरा तपशील गंभीर आहे. ५ व्होल्टचा धक्का बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण ३० अँपिअर देऊ शकणारा पुरवठा बारीक तारेत शॉर्ट झाला तर ती तार लालबुंद होते, आणि भोवती वाळलेले झाड किंवा कापडी मखर असते. प्रत्येक पोषक तारेला स्वतःचा फ्यूज हवा, आणि तो पुरवठ्याच्या बाजूला हवा. वितळून प्रवाह तोडणाऱ्या सुरक्षा-तारेचे पेटंटही एडिसनला १८८० सालीच मिळाले होते. पुरवठ्याच्या आत येणारी बाजू तर आपल्याकडे २३० व्होल्टची. तिथे अर्थिंग आणि पावसापासून बंद पेटी यांत तडजोड नाही.

२२/ शेवटी एक गोष्ट पर्ल स्ट्रीटची. टोकाला दाब किती उरला हे केंद्रात बसून कसे कळणार? त्यासाठी तिथे एक दर्शक बसवला होता. दाब एक-दोन व्होल्ट चढला की तांबडा दिवा लागे, उतरला की निळा. आणि राखणीला बसलेला माणूस चाक फिरवून डायनॅमोचा दाब सावरी. आज तेच काम माळेच्या शेवटच्या पिक्सेलपाशी मल्टिमीटर टेकवून होते. सगळे दिवे पूर्ण पांढरे करून मग मोजावे. विझलेल्या माळेत प्रवाह नगण्य असतो आणि आकडा चांगलाच दिसतो.