गारगोटी कापायची कशी? नायकुंडचं लोखंड, माहूरझरीचे मणी आणि आमचं अंगण

आजचा भाग माझ्या फजितीपासून सुरू होतो.

मागच्या दिवाळीत मी पारशिवनीला घरी होतो. पेंच नदीच्या पात्रात, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीच्या बरंच खाली, एक गारगोटी सापडली. बाहेरून अगदी बटाट्यासारखी. पण एका कडेला टवका उडाला होता आणि तिथून आत पांढऱ्या-तपकिरी पट्ट्या दिसत होत्या. डोक्यात आलं, हिची पातळ चकती कापू, घासून चकचकीत करू आणि आईला लॉकेट करून देऊ. व्हिडिओ तर ढिगाने पाहिले होते. शेजारच्या काकांकडून फरशी कापायचं ग्राइंडर आणलं आणि अंगणात बसलो.

पाच मिनिटांत काय झालं? ब्लेड तापून लाल, अंगणभर पांढरा धुराळा आणि गारगोटीचे तीन तुकडे. आई बाहेर आली. "काय करून राह्यला रे तू? तुळशीवर सगळी भुकटी उडाली ना!"

ते तीन तुकडे हातात घेऊन बसलो होतो तेव्हा एक प्रश्न पडला. माझ्याकडे वीज होती, मशीन होतं, यूट्यूब होतं, तरी जमलं नाही. मग आपल्याच नागपूर जिल्ह्यात अडीच हजार वर्षांपूर्वी माणसं ह्याच दगडाचे मणी कसे करत होती? कारण ती करत होती, आणि भरपूर करत होती.

आधी हा दगड येतो कुठून ते पाहू. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि आत थरावर थर जमत गेला. तोच अकीक, म्हणजे हिंदीतला हकीक. लालसर असेल तर कार्नेलियन, आणि पोकळीत स्वच्छ स्फटिक वाढले तर आपला स्फटिक नाहीतर जांभळा अमेथिस्ट. भोवतालचा काळा कातळ झिजतो, पण आतला अकीक झिजत नाही. तो सुटून नदीत येतो. पेंचच्या वरच्या अंगाला, छिंदवाड्यात, ह्या काळ्या कातळाचे मोठे पट्टे आहेत. म्हणून पारशिवनीच्या आसपासचा खडक वेगळा आणि त्याहून कितीतरी जुना असला, तरी नदीच्या गोट्यांत असा पाहुणा सापडू शकतो.

आता माहूरझरीला जाऊ. नागपूरच्या वायव्येला, काटोल रोडच्या बाजूचं हे गाव. तिथे मोठमोठे दगड गोल मांडून केलेली शिळावर्तुळं आहेत. ती लोहयुगातल्या लोकांची दफनं आहेत. १९७० ते १९७२ मध्ये शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. वर्तुळांखाली माणसांसोबत लोखंडी हत्यारं निघाली, तांब्याच्या साजासह घोडे निघाले आणि मणी निघाले. पुढे डेक्कन कॉलेजच्या आर. के. मोहंती यांनी १९९९ मध्ये ह्या गावावर मणी बनवण्याचं केंद्र म्हणून खास लेख लिहिला आणि नंतर तिथे उत्खननही केलं.

आता तुम्ही म्हणाल, मणी तर कुठेही सापडतात, त्यावरून कारखाना होता कशावरून? बरोबर प्रश्न आहे. तयार मणी बाहेरून विकतही आला असेल. पण माहूरझरीला तयार मण्यांसोबत कच्चा दगड मिळाला, छिलक्यांचे ढीग मिळाले, अर्धवट आकार दिलेले मणी मिळाले. बाहेरून मणी आणणारा कुणी कचरा विकत आणत नाही. म्हणजे काम तिथेच चालत होतं.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. ॲप चालू आहे की नाही ते युजरला दिसतं, पण ते बनलं कसं हे कमिट हिस्टरीत कळतं. फसलेला मणी म्हणजे कारागिराची कमिट हिस्टरी. कुठल्या टप्प्याला दगड दगा देतो, हे त्या तुटक्या मण्यावरच दिसतं.

आता मूळ मुद्दा. पारशिवनी तालुक्यातच पेंचकाठी नायकुंड आहे. तिथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० मध्ये खोदकाम केलं आणि लोखंड गाळायची भट्टी सापडली. काळ इसवी सनापूर्वी सुमारे ७००. म्हणजे आपल्या भागातली माणसं तेव्हा स्वतः लोखंड तयार करत होती. मग त्या लोखंडाच्या करवतीने अकीक कापता आला असता का?

नाही. दगडाचा कठीणपणा १ ते १० अशा मोह्स मापात मोजतात. अकीक आणि गारगोटी ७ वर आहेत. चांगलं पोलादसुद्धा साधारण साडेसहापर्यंतच जातं. म्हणजे करवत दगडावर फिरवली तर झिजते करवतच. लोखंड दगड फोडू शकतं, कापू शकत नाही.

म्हणून जुन्या कारागिरांनी कापायचा हट्टच धरला नाही. गुजरातेत खंभातला मणी घडवायची जी जुनी पद्धत टिकून राहिली, तिच्यावरून हे काम कसं चालत असेल याची कल्पना येते. दगड आधी उन्हात वाळवायचा, मग मडक्यात ठेवून मंद आचेवर तापवायचा. तापवल्याने दोन फायदे होतात. दगड सरळ तासला जातो, आणि त्यातल्या लोहामुळे पिवळट रंगाचा लाल होतो. नंतर जमिनीत तिरकी रोवलेली लोखंडी पहार, तिच्या टोकावर दगड टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलका ठोका द्यायचा. शिंगाचीच का? कारण ती मऊ आहे. लोखंडी हातोडीने दगड फुटतो, शिंगाच्या हातोडीने छिलका निघतो.

त्यानंतर घासणं, आणि मग सगळ्यात अवघड काम, भोक पाडणं. खंभातचे कारागीर धनुष्याने फिरवायचं सामतं वापरतात, त्याच्या टोकाला हिऱ्याचे दोन बारीक कण बसवलेले असतात आणि वरून पाणी टपकत राहतं. हिऱ्याच्याही आधी, हडप्पाकाळात, खास दगडी टोकांनी भोक पाडायचे. त्याचे प्रयोग करून पाहिलेत. वेग निघाला तासाला सुमारे अडीच मिलिमीटर. सहा सेंटिमीटरच्या एका मण्याला नुसतं भोक पाडायला चोवीस तास! आपण बिल्डला दोन मिनिटं जास्त लागली की कुरकुरतो.

मग चकती कापायची कला कुठली? तीही आपल्या देशात जुनी आहे. आग्र्याला संगमरवरात रंगीत दगड जडवण्याचं पच्चीकारीचं काम चालतं. तिथले कारागीर धनुष्याला तार बांधतात, दगडावर पाण्यात कालवलेली कुरुंदाची पूड टाकतात आणि तार पुढे-मागे ओढत बसतात. कुरुंद मोह्स मापात ९ वर. इथे तार काहीच कापत नाही. ती फक्त पूड ओढून नेते, कापते ती पूड.

माझं ग्राइंडर इथेच चुकलं. दगडाचं चांगलं ब्लेडसुद्धा करवत नसतंच. त्याला दात नसतात, कडेला हिऱ्याची पूड बसवलेली असते. तेही घासतंच, फक्त वेगाने. घासलं की उष्णता होते, म्हणून पाणी हवं. पाणी नसेल तर ब्लेड तापतं आणि दगड तडकतो. मी पाणीही लावलं नाही आणि वरून जोर दिला.

पण तडकलेला दगड ही छोटी गोष्ट. मोठी गोष्ट तो पांढरा धुराळा, आणि हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. अकीकाची धूळ म्हणजे शुद्ध सिलिका. तिचे सगळ्यात बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते फुफ्फुसात खोल जाऊन बसतात, तिथे व्रण होतात आणि माणसाला धाप लागत जाते. ह्याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर बरं करणारं औषध नाही. खंभातच्या ज्या अकीक कारागिरांचं मी एवढं कौतुक केलं, त्यांच्या वस्त्यांत हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. विजेची घासायची चाकं घराघरांत आली, काम वेगाने होऊ लागलं आणि धूळही वाढली. शेजारी बसलेली बायका-पोरंही तीच हवा घेत होती. आपण बाजारात हकीकची माळ स्वस्तात घेतो, तिची उरलेली किंमत अशी कुणीतरी भरलेली असते.

म्हणून तुमच्यापैकी कुणी घरी हे करणार असेल तर कोरडं कापू नका. सतत पाणी, नीट बसणारा धुळीचा मास्क, डोळ्यांवर चष्मा, आणि लहान पोरं लांब. विजेचं यंत्र आणि पाणी एकत्र येतं, म्हणून ओल्या कामासाठी बनवलेलंच मशीन घ्या, साध्या ग्राइंडरवर पाणी ओतू नका. खाली साचलेला चिखल ओला असतानाच गोळा करा. वाळला की तो परत धूळ होतो.

आणखी एक. हे सगळं मी गावातल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "अबे, मग शिळावर्तुळांकडे जाऊन मणीच वेचून आणू ना, कापायची कटकटच नाही." गमतीत म्हणाला, पण असं खरंच होतं. शेतात निघालेला मणी खिशात जातो, वर्तुळाचे दगड बांधावर नाहीतर लेआउटच्या भरावात जातात. १८७८ पासून कायदा आहे, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवायची. पण कायदा बाजूला ठेवू. मणी जागेवरून उचलला की तो फक्त एक सुंदर मणी उरतो. तो कुणाच्या गळ्यात होता, की भोक पाडताना फुटला म्हणून कुणी वैतागून फेकला होता, हे कायमचं पुसलं जातं.

माझ्या तीन तुकड्यांपैकी मधला तुकडा मी नंतर नुसता हाताने घासला. ताटलीत पाणी आणि आधी जाडा, मग बारीक, मग अगदी बारीक पॉलिश पेपर. आठ-दहा रात्री गेल्या. ऑफिसचे कॉल संपले की बसायचो. तो वाकडा आहे, एका कडेला चीर आहे, पण पट्ट्या लख्ख दिसतात. आईने काळ्या दोऱ्यात ओवून घेतला.

उरलेले दोन तुकडे मी पेंचमध्ये टाकायला निघालो होतो. आई म्हणाली, "राहू दे इथंच, तुळशीपाशी. कोणी विचारलं तर सांगीन, माझ्या पोरानं बिघडवले."

चला मंडळी, भेटू पुढच्या भागात. तेव्हा नायकुंडच्या भट्टीत लोखंड गाळायचे कसे, ते पाहू.