विजेच्या गिटारीचें अर्धांग

विजेच्या गिटारीसंबंधीं लिहिणारे बहुतेक लेखक लाकडापासून प्रारंभ करतात. फेंडरच्या गिटारीचें लाकूड कोणतें, गिब्सनचें कोणतें, मान स्क्रूंनीं आवळलेली कीं सरसानें चिकटविलेली, ह्या वादांत पृष्ठेंच्या पृष्ठें खर्ची पडतात. हा वाद अगदींच निरर्थक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या ध्वनीविषयीं तो चालतो तो ध्वनि एकट्या गिटारींतून निघतच नाहीं, ही गोष्ट त्यांत हरवून जाते. पोलादी तारेचें कंपन चुंबकाभोवतालच्या वेटोळ्यांत अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न करतें, आणि तो कानांस ऐकूं येण्याजोगा करण्याचें काम निराळ्याच एका पेटीकडे असतें. ती पेटी म्हणजे निर्वात नलिकांचा ध्वनिवर्धक. आमच्या मतें ही पेटी ह्या वाद्याची चाकर नसून अर्धांग आहे. आणि हा मान तिला तिच्या गुणांनीं नव्हे, तर दोषानें मिळवून दिला आहे.

प्रथम ती आली चाकर म्हणूनच. पितळी वाद्यांच्या गजरापुढें गिटार कोणास ऐकूं येत नसे; ती ऐकूं यावी एवढाच हेतु होता. जॉर्ज बीचम व ॲडॉल्फ रिकेनबॅकर ह्यांनीं लॉस एंजेलिस येथें १९३१-३२ च्या सुमारास जी विजेची गिटार सिद्ध केली, तिला तिच्या आकारावरून लोक तवाच म्हणत. १९३६ मध्यें गिब्सनची ईएस-१५० निघाली, आणि १९३९ मध्यें बेनी गुडमनच्या वृंदांत आलेल्या चार्ली ख्रिश्चन ह्या तरुणानें तिच्यावर सॅक्सोफोनच्या तोडीचें एकेरी सुरांचें वादन करून दाखविलें. १९४२ सालीं, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, तो क्षयानें वारला.

आतां त्या दोषाकडे वळूं. नलिकेंत तप्त ऋणाग्रापासून निघालेले विद्युत्कण धनाग्राकडे धावतात, आणि मधल्या जाळीवर येणारा क्षीण संकेत त्या ओघास कमीअधिक करतो. ली डी फॉरेस्ट ह्यानें १९०६ सालीं ही मधली जाळी घातली, तेथूनच वर्धनाची कला जन्मली. पण नलिकेच्या आवांक्यास मर्यादा आहे. संकेत त्याहून मोठा झाला कीं लहरींचीं शिखरें चेपटूं लागतात, आणि मूळ तारेंत नसलेले, किंवा असून नसल्यासारखे, उपस्वर उमटतात. यंत्रज्ञांच्या भाषेंत ही विकृति. ज्यानें तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा सरकवून जवारी लागतांना ऐकली आहे, त्यास मात्र तारेच्या शुद्ध कंपनांत केलेली ढवळाढवळ कानास सुखावते ह्याचें नवल वाटणार नाहीं. कारणें दोहोंकडे भिन्न आहेत. कानाचा कौल तेवढा सारखा आहे.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर. त्यास गिटार वाजवितां येत नसे. स्वच्छ, घंटेसारखा ध्वनि हें त्याचें ध्येय, आणि १९५१ पासून टेलिकास्टर ह्या नांवानें विकली जाणारी त्याची गिटार व १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर ह्या दोन्ही त्या ध्येयास अनुसरूनच आहेत. त्यांच्या तारेची लांबी साडेपंचवीस इंच. गिब्सनची पावणेपंचवीसच्या आसपास. त्याच सुरास लावलेली आंखूड तार सैल राहते व बोटाखालीं मऊ लागते. तें असो. खरा भेद वेटोळ्यांत आहे. फेंडरच्या एकेरी वेटोळ्यांत आसपासच्या वीजतारांची गुणगुण शिरते. ती घालविण्यासाठीं गिब्सनच्या सेथ लव्हर ह्यानें १९५५ मध्यें दोन वेटोळीं परस्परविरुद्ध जोडलीं. गुणगुण गेली खरी. पण दुहेरी वेटोळ्याचा संकेत अधिक बळकट निघाला, आणि तो नलिकेस लवकर मर्यादेबाहेर ढकलूं लागला. एक दोष दूर करावयास निघालेल्या कारागिरानें दुसऱ्याचें दार असें नकळत उघडून दिलें. फेंडर व गिब्सन ह्यांतील जो फरक रसिक वाखाणतात, त्याचा मोठा भाग ह्याप्रमाणें पेटींत गेल्यावर प्रकट होतो.

विकृतीचा पक्ष प्रथम वादकांनीं घेतला. लिंक रे ह्यानें १९५८ च्या ‘रंबल’साठीं स्पीकरच्या कागदास पेन्सिलीनें भोकें पाडलीं, १९६४ मध्यें इंग्लंडांत डेव्ह डेव्हिस ह्यानें तोच कागद पात्यानें चिरला. रानटी उपाय खरे, पण त्यांचा रोंख अचूक होता. इकडे लंडनमधील हॅनवेल येथें जिम मार्शल हा ड्रमवादक दुकान चालवीत होता. १९६२ सालीं त्याच्या मंडळींनीं फेंडरच्या बासमन ध्वनिवर्धकाची जवळजवळ नक्कल केली; फक्त कांहीं नलिका बदलल्या आणि स्पीकर बंद पेटींत बसविले. नक्कल मुळाहून रांगडी निघाली. १९६६ मध्यें जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रिकेसाठीं एरिक क्लॅप्टननें गिब्सनची लेस पॉल मार्शलच्या पेटीस जोडली, आणि रंगमंचावर वाजवीत असे तितक्याच मोठ्यानें वाजविण्याचा हट्ट धरला. यंत्रज्ञास तें पसंत नव्हतें. हट्ट वादकाचा टिकला, आणि त्या मुद्रिकेनंतर ‘चांगला ध्वनि’ म्हणजे काय हें ठरविण्याचा अधिकार यंत्रज्ञाच्या हातून गेला तो परत आला नाहीं.

राहिला स्पर्शाचा प्रश्न. ‘नलिकेची पेटी बोटांस उत्तर देते’ असें वादक म्हणतात. त्यांत कांहीं गूढ नाहीं. जुन्या पुष्कळ पेट्यांत प्रवाह एकदिश करण्याचें कामहि नलिकेकडेच असे. तार जोरानें छेडतांच तेथील विद्युद्दाब क्षणभर खचतो, पहिला आघात दबतो, आणि दाब सावरतांना सूर फुलत वर येतो. हलक्या हातास हें घडत नाहीं. म्हणून हाताचा फरक कानास कळतो. सीबीएस कंपनीनें १९६५ मध्यें फेंडरचा कारखाना विकत घेतला व पुढच्याच वर्षीं ट्रान्झिस्टरचे ध्वनिवर्धक बाजारांत आणले, ते वादकांनीं नापसंत केले. रसेल हॅम ह्यानें १९७३ मध्यें मापें घेऊन दाखविलें कीं अतिभार पडला असतां नलिका व ट्रान्झिस्टर ह्यांच्या विकृतीची घडण निरनिराळी असते. अमुक सालच्या अमुक कारखान्याच्या नलिकेंतच अमृत भरलें आहे, असें सांगणाऱ्या भक्तांवर आमचा विश्वास नाहीं. पण मूळ भेद कल्पित नाहीं.

रेडिओंतून नलिका केव्हांच गेल्या. आज त्या बनविणारे मोठे कारखाने रशिया, स्लोव्हाकिया व चीन एवढ्याच देशांत उरले आहेत, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांत गिटारवादक प्रमुख आहेत. १९९८ मध्यें पॉड नांवाचें गणनयंत्र निघालें, आणि तेव्हांपासून नलिकेचें चेपटणें व दाबाचें खचणें आंकड्यांनीं हुबेहूब वठविण्याची स्पर्धा चालूं आहे. फुलर्टनच्या कारागिरानें जें टाळण्यासाठीं पेटी बनविली, तेंच आतां मोजून-मापून तिच्या नकलेंत घातलें जातें.