तिपाईचं ओझं

कोकणकड्यावर खालून वर येणारा वारा टोपी उडवतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तो ट्रायपॉडही उडवतो, हे मला तिथे जाऊन कळलं. माझा पहिला ट्रायपॉड दिसायला देखणा होता. वजन किलोच्याही आत, आणि प्रत्येक पाय पाच तुकड्यांत घडी होणारा. कंपनीचं नाव सांगत नाही. पहिल्याच झोताला तो आडवा झाला. मोबाईल सॅकवर पडला म्हणून वाचला. त्या रात्री हरिश्चंद्रगडाच्या गुहेत पडल्या पडल्या मनात आलं, की आपल्या आधी इथे आलेल्यांनी कशाच्या आधारावर काय टिपलं असेल?

सर्वांत आधी आठवतो तो कर्नल साइक्स. कड्यावरून त्याला दरीतल्या धुक्यात पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसलं, ज्याला आपण इंद्रवज्र म्हणतो. ट्रेकर मंडळी या घटनेचं साल १८३५ सांगतात. ते खरं तर त्याचा दख्खनच्या हवामानावरचा निबंध लंडनला छापला गेला ते साल. साइक्स त्याआधीच भारत सोडून गेला होता. आणि फोटो? जगाला फोटोग्राफीची बातमीच मुळात १८३९ साली कळली. साइक्सकडे शब्दांखेरीज दुसरं साधन नव्हतं.

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. तेव्हाचं तंत्र ओल्या काचेचं. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. म्हणजे मुक्कामी कॅमेरा, काचा, बाटल्या, पाणी आणि काळोखा तंबू, सगळं बरोबर हवं. काचेवर प्रकाश काही सेकंद पडू द्यावा लागे, त्यामुळे लाकडी तिपाईला पर्याय नव्हता. तिपाई ही कल्पना मात्र जुनी. जमीन मोजणारे सर्व्हेवाले तिच्यावरच आपली दुर्बीण ठेवत. चार पायांचं टेबल खडकावर डुगडुगतं, तीन पाय कुठेही टेकतात.

हे सगळं घाट चढून कोण नेत असे? साहेब नव्हे. हमाल, बैलगाड्या आणि वाटेवरच्या गावांतली माणसं. तिपाई हलकी असावी असं तेव्हा फार कुणाला वाटलं नाही, कारण वाटणाऱ्याच्या खांद्यावर ती नव्हती. हे माझं अनुमान, पण मला ते पटतं.

पुढे कोरड्या काचा आल्या आणि तंबूचं ओझं गेलं. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणात काम केलेल्या हेन्री कझिन्सने दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर मोठा ग्रंथ केला, तो १९३१ मध्ये निघाला. त्यात आपल्या जिल्ह्यातलं रतनवाडीचं अमृतेश्वर आहे, पेडगाव आहे, कोकमठाण आहे. दगडी नक्षीचा खोलगटपणा दिसायचा तर छिद्र बारीक हवं, छिद्र बारीक म्हणजे वेळ जास्त, आणि वेळ जास्त म्हणजे पुन्हा तिपाई. आज त्याच खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये तिपाई लावायची तर आधी परवानगी काढावी लागते. नियमामागची कारणं मला समजतात, तरी गंमत वाटतेच.

जवळून टिपण्याची आपल्याकडची सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र दादासाहेब फाळक्यांची. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी भांडवल उभं करायला त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर एकेक चौकट घेत तो उगवताना दाखवला. कॅमेरा मध्येच हलला असता तर अंकुर उड्या मारताना दिसला असता!

हलकेपणाची खरी उडी आली १९९४ मध्ये, जेव्हा गित्झो या फ्रेंच कंपनीने कार्बन फायबरच्या पायांचा ट्रायपॉड बाजारात आणला. हा धागा ॲल्युमिनियमपेक्षा हलका आणि ताठ. थंडीत हाताला चटका देत नाही, महाग मात्र आहे. पुढे पाय उलटे वर दुमडून डोक्याभोवती मिटणारे प्रवासी ट्रायपॉड आले. आता ओझं आपल्याच पाठीवर होतं.

मी दुसरा घेताना पाच तुकड्यांच्या पायांऐवजी चार तुकड्यांचे निवडले. जितके तुकडे जास्त तितका शेवटचा नळा काडीसारखा. मधला दांडा वर काढून उंची मिळवायची सवय सोडली, कारण तो वर गेला की तिपाई राहत नाही, एकपाई होते. उंची छातीपर्यंत पुरते. खरी गरज असते ती खाली जाण्याची: पाय पार फाकून जमिनीलगत बसणारा हवा, नाहीतर सोनकीच्या फुलाला वरूनच नमस्कार. अगदी जवळून घेताना फोकस काही मिलिमीटरचा असतो. तिथे बोटाने बटण दाबलं तरी फोटो हलतो, म्हणून टायमर लावायचा. वारा असेल तर मधल्या आकड्याला सॅक अडकवायची, पण ती जमिनीला टेकलेली हवी. लोंबती सॅक तिपाईला झोके देते.

फोनचा नाइट मोड आहे की, असं कुणी म्हणेल. तो हातात चांगलाच चालतो. पण आयफोन स्थिर ठेवला तर स्वतःहून ३० सेकंदांपर्यंत जातो, आणि पिक्सेल ताऱ्यांसाठी ४ मिनिटांपर्यंत. मे अखेरीस पुरुषवाडीला काजवे पाहायला गेलात तर या सेकंदांची किंमत कळेल. फक्त तिपाई उभी करताना टॉर्च लावू नका, काजवे गप्प होतात आणि शेजारचे लोक होत नाहीत.

अमृतेश्वराला गेलो तेव्हा परवानगी काढलेली नव्हती, म्हणून ट्रायपॉड सॅकमध्येच राहिला. मुक्कामाच्या घरातल्या मावशींकडे कापडी पिशवी आणि दोन किलो तांदूळ मागितले. पिशवी मांडीवर ठेवली, फोन तिच्यात रुतवला आणि श्वास रोखून पुष्करणीतल्या कोनाड्यांचे फोटो घेतले. ते ट्रायपॉडवरच्या इतके नेटके नाहीत, पण हललेले नाहीत. संध्याकाळी तांदूळ परत केले. मावशींनी ते सुपात घेऊन पाहिले आणि विचारलं, “यात खडे तर नाही ना आणलेस देवळातले?”