ट्रक पाणी खातोय? हेड खोलण्याआधी हे तपासा

नांदेड-लातूर रस्त्यावर लाखो किलोमीटर पळालेला घरचा ट्रक रोज लिटरभर पाणी मागतो, पण खाली थेंब दिसत नाही. अशा वेळी ‘हेड गॅसकेट गेलं’ असं निदान पटकन होतं. हेड उतरवलं की खर्च आला, फेऱ्याही बुडाल्या. म्हणून आधी पाणी नेमकं जातं कुठे ते शोधा.

सुरुवात थंड इंजिनपासून. ०.७ बारचं झाकण असेल तर आतलं पाणी साधारण ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की तेच तोंडावर उसळतं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. काही क्लिपा थंड असतानाच गळतात, इंजिन तापलं की बंद होतात. मोबाइलचा टॉर्च लावून होज पाइपची टोकं आणि वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र बघा, फोटो काढून ठेवा. त्या छिद्रातून पाणी ठिबकत असेल तर पंपाचं सील गेलंय. छिद्र बुजवू नका, ते गळती दाखवायलाच दिलेलं असतं. गरम भागावर पडलेलं पाणी उडून जातं, मागे पांढरा किंवा तांबूस डाग राहतो.

बाहेर काहीच नाही? डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी आत मिसळतंय, इंजिन चालू करू नका.

रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर इथेच बरेच जण फसतात. एअर ब्रेकच्या अनेक ट्रकमध्ये हवेचा कॉम्प्रेसरही इंजिनच्याच पाण्याने थंड होतो. त्याचं गॅसकेट फाटलं की हवा पाण्यात घुसते आणि पाणी बाहेर फेकलं जातं. लक्षणं हुबेहूब हेड गॅसकेटची! मेकॅनिकला कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या नळ्या काढून इंजिनकडची तोंडं बंद करायला सांगा आणि गाडी जागेवर दोन-चार मिनिटंच चालवा. बुडबुडे थांबले तर दोष कॉम्प्रेसरचा. कोडमधला बग शोधताना एकेक मॉड्यूल बंद करून बघतात, तसंच हे. बुडबुडे चालूच राहिले तर मग हेडवर संशय घ्या.

अजून एक. बोअरच्या जड पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेला रेडिएटर धुऊन कूलंट भरलं की कधी कधी गळती ‘सुरू’ होते. भोकं जुनीच असतात, क्षारांनी बुजलेली. कूलंटला दोष देऊन परत बोअरचं पाणी भरू नका. सांडलेलं कूलंट मात्र लगेच धुऊन टाका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, पण कुत्र्या-शेळ्यांसाठी विषारी.